लायनेल, दार!

लायनेल हेब्डनच्या प्रत्येक नाटकाच्या शेवटी कुणीतरी उठून दार लावतं. नाटक खुनाचं असो, लग्नाचं असो, की म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीचं असो, दार लावल्याशिवाय पडदा पडत नाही. हल्ली विद्यापीठातली मुलं या दाराचा अर्थ विचारायला माझ्याकडे येतात. मी त्यांना चहा पाजते, बिस्किटं देते आणि सांगते, अर्थबिर्थ काही नाही, वारा होता. मग ती वाऱ्याचा अर्थ विचारतात.

वारा मात्र खरंच होता. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या स्कार्थविक गावातलं आमचं थिएटर समुद्रात घुसलेल्या लाकडी धक्क्याच्या टोकाला उभं होतं. खाली लाटा, वर गळकं छप्पर आणि मधे आम्ही. प्रेमाचा हळुवार प्रसंग चालू असला आणि भरती आली, की नायकाला 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे बोट बुडताना मारलेल्या हाकेसारखं ओरडावं लागे. दर सोमवारी नवं नाटक. संध्याकाळी चालू आठवड्याच्या नाटकाचा प्रयोग, सकाळी पुढच्याची तालीम, आणि मधल्या वेळात आपापले कपडे आपणच शिवायचे. एकदा मी सोमवारच्या नाटकात आधीच्या आठवड्याच्या नाटकाचं अख्खं पान म्हणून मोकळी झाले. कुणाला काही कळलं नाही. नाटक कोणतंही असलं तरी दुसऱ्या अंकात चहा येतोच, आणि आला की सगळं रुळावर येतं.

लायनेल या थिएटरात आला तो झाडू मारायला. महायुद्धापासून चालत आलेलं मांसावरचं रेशन नुकतंच उठलं होतं, आणि त्याच्या बापाचं क्लेदरशॉ गावात डुकराच्या मांसाचं दुकान होतं. म्हणजे मुलाने रेशन उठायच्या मुहूर्तावर खाटकाचं दुकान सोडून नाटकात यावं, हा वेडेपणा किती मोठा होता ते लक्षात घ्या. उंच, वाकलेला, कोपरांना भोकं पडलेला स्वेटर घातलेला हा तरुण सगळी कामं करी. गावातल्या दुकानांतून हातगाडीवर उसनं फर्निचर आणी, पत्रा हलवून गडगडाट करी, चहा करी आणि प्रयोगाच्या वेळी विंगेतल्या कोपऱ्यात बसून प्रॉम्प्टिंग करी, म्हणजे अडलेल्या नटाला पुढचं वाक्य हळूच देई. त्याचा एकच दोष होता. तो दार लावत नसे. कपाटाचं नाही, कपडेपटाचं नाही, संडासाचंही नाही. एकदा त्याने रंगमंचातला चोरदरवाजा उघडा ठेवला आणि आमचे ज्येष्ठ नट एव्हरर्ड प्लम बिशपच्या झग्यात बोलता बोलता दिसेनासे झाले. त्यांचा आवाज मात्र खालून चालू राहिला. एव्हरर्ड वाक्य अर्धवट सोडणाऱ्यांतले नव्हते.

लायनेलचे वडील हर्बर्ट हेब्डन यांनी त्याला एक उन्हाळा दिला होता. "सीझन संपेपर्यंत तुझं हे काम काय आहे ते मला दिसलं पाहिजे," असं त्यांनी बजावलं होतं. "नाही दिसलं, तर घरी यायचं आणि एप्रन बांधायचा." त्यांच्या हिशेबाने काम म्हणजे ज्याचं वजन करता येतं ते.

सीझन संपत आला. आणि मग एका आठवड्याच्या नाटकाचे हक्क ऐनवेळी कुणीतरी काढून घेतले. आमचे मॅनेजर टल्कसाहेब डोक्याला हात लावून बसले असताना लायनेल त्यांच्या खोलीत शिरला. दार अर्थातच उघडं ठेवून, म्हणून आम्हाला सगळं ऐकू आलं.

"साहेब, माझ्याकडे एक नाटक आहे. मीच लिहिलंय."

"माणसं किती?"

"पाच."

"सोफा?"

"सोफा नाही. दुकान आहे. खाटकाचं."

"दुकानात सोफा मावेल?"

"मावेल की."

"मग नाटक चांगलं असणार," टल्कसाहेब म्हणाले. "तूच बसव, मला वेळ नाही. चाललं तर पुढच्या सीझनला तू आमचा दिग्दर्शक आणि लेखक. पडलं, तर तुझे बाबा तुझी वाटच बघतायत."

नाटकाचं नाव होतं 'दुकान'. एक खाटीक, त्याची बायको, एक गिऱ्हाईक, एक भाडेकरू आणि घर सोडून जायला निघालेला मुलगा. बायको मी. खाटीक एव्हरर्ड. शेवटच्या प्रसंगात मुलगा बॅग उचलून निघून जातो, दार उघडंच राहतं, बाप पुढे येतो, एक वाक्य म्हणतो आणि पडदा. नाटकाची सगळी मदार त्या एका वाक्यावर होती. एप्रनही एव्हरर्डच्या अंगावर माझाच होता, स्वयंपाकाचा, झालर उसवून टाकलेला.

आता आमच्यातला एक रिवाज सांगितला पाहिजे. नाटकाचं शेवटचं वाक्य तालमीत उच्चारायचं नसतं. ते पहिल्या प्रयोगालाच, प्रेक्षकांसमोरच म्हणायचं. तालमीत ज्याच्या वाट्याला ते असेल तो 'टम टी टम' म्हणतो आणि सगळे पांगतात. हसू नका. मी एका नटीला तालमीत ते वाक्य म्हणताना या कानांनी ऐकलंय, आणि त्याच संध्याकाळी मेणबत्तीवर तिचा टोप पेटला. एव्हरर्ड या बाबतीत फार कडक. रंगपटात कुणी शीळ घातली तर ते त्याला बाहेर काढून तीन गिरक्या घ्यायला लावत. तर एव्हरर्डच्या हातातल्या संहितेत शेवटच्या वाक्याच्या जागी नुसती टिंबं होती.

"बघ, फ्लो," ते मला गहिवरून म्हणाले. "बघ, याला म्हणतात संस्कार! या मुलाने वाक्य टाइपसुद्धा केलं नाही. कागदालाही ऐकू जायला नको! माझ्या उमेदीत असे दिग्दर्शक होते."

लायनेल खाली मान घालून उभा होता. मला वाटलं, विनय.

सोमवारी दुपारी तो मला रंगमंचाखाली, दोरखंडांच्या ढिगावर बसलेला सापडला. चेहरा खडूसारखा.

"मिस फ्लो, ते वाक्य नाहीये."

"कुठलं?"

"शेवटचं. मी लिहिलंच नाही. आज सुचेल, उद्या सुचेल म्हणत राहिलो. तालमीत कुणी विचारणार नव्हतं ना."

मी त्याच्या शेजारी बसले. रिवाजाआड इतकी मोठी गोष्ट लपवता येते, हे आमच्या धंद्यात तोवर कुणालाच सुचलं नव्हतं.

"अरे, पण संहिता लंडनच्या सेन्सॉरकडे गेली होती ना? त्यांनी काही विचारलं नाही?"

"टिंबं पास झाली. त्यांना वाटलं असेल, बाप गप्प राहतो."

"मग राहू दे की गप्प!"

"एव्हरर्ड प्लम? आणि गप्प? पडद्याआधीचं वाक्य आपलं नसेल तर ते मेकअपसुद्धा करत नाहीत."

हे खरं होतं. मी म्हटलं, "मग काहीतरी लिही. बाप मुलाला काय म्हणेल?"

"तेच तर कळत नाही. मी घर सोडतो म्हणालो तेव्हा बाबा सॉसेज भरत होते. ऐकून घेतलं आणि भरतच राहिले." तो दोरखंडाचं टोक उसवत राहिला. "आज येतायत ते. तिसऱ्या रांगेत."

त्या संध्याकाळी लायनेल एव्हरर्डला चुकवत फिरला. पहिल्या मध्यंतरात तो छतावरच्या दिव्यांपाशी होता, दुसऱ्या मध्यंतरात कपड्यांच्या पेटाऱ्यामागे. एव्हरर्ड एप्रन सावरत विचारत होते, "माझं वाक्य कुठेय? कानात सांगणार होता ना?" शेवटी त्यांनीच स्वतःची समजूत घातली. "समजलो. कोपऱ्यातून देणार. थेट, ताजं! धन्य आहे पोराची." आणि ते हसतमुखाने तिसऱ्या अंकाला उभे राहिले. तो अंकभर त्यांना रंगमंचावरून हलायचंच नव्हतं.

नाटक तसं बरं चाललं होतं. लोक हसत होते. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर हर्बर्ट हेब्डन बसले होते. रुंद, लालबुंद, टोपी मांडीवर, पिशवी पायांत घट्ट धरलेली. नाटक त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. समोर दुकान मांडलंय एवढंच त्यांना दिसत होतं, आणि ते चुकीचं चाललं होतं. "सुरी उलटी धरलीय," ते मधेच म्हणाले. थोड्या वेळाने, "त्या बाईला कमी तोललं." एव्हरर्डने चटकन आणखी एक सॉसेज तराजूत टाकलं.

मग शेवटचा प्रसंग आला. मुलाने बॅग उचलली, निघून गेला, दार उघडं राहिलं. दुकानाचं दार पुठ्ठ्याच्या भिंतीत होतं, पण त्याच्या बरोबर मागे थिएटरचं सामान आत घ्यायचं मोठं दार, आणि तेही कुणीतरी उघडं ठेवलेलं. कुणी, ते सांगायला नको. उत्तर समुद्राचा वारा आडपडदा न ठेवता दुकानात घुसला. कागदी पिशव्या उडाल्या, माझी टोपी उडाली, मोजे भरून केलेले सॉसेज आकड्यांवर झुलायला लागले. पहिल्या रांगेतल्या बायकांनी कोट अंगावर ओढले.

एव्हरर्ड पुढे आले. छाती भरून श्वास घेतला. डोळ्यांत पाणी आणलं. आणि डोळ्याच्या कडेने कोपऱ्याकडे पाहिलं.

कोपरा गप्प.

त्यांनी एक भुवई उचलली. मग दुसरी. मी शेजारी उभी होते, मला लायनेल दिसत होता. त्याचं तोंड उघडं होतं, पण आवाज निघत नव्हता. वारा घोंघावत होता. एका मोज्याने आकडा सोडला आणि तो एव्हरर्डच्या पायाशी पडला. लोक चुळबुळायला लागले. आणि तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून, आयुष्यभर गार दुकानात उभं राहून कमावलेला आवाज आला:

"लायनेल, दार!"

अहो, त्या नाटकात लायनेल नावाचं कुणी नव्हतंच. पण कोपऱ्यात होतं. लायनेल उठला. मी तुम्हाला शपथेवर सांगते, त्याने विचार केला नाही. लहानपणापासून त्या आवाजावर जसा उठायचा तसाच उठला, संहिता काखेत, भोकांचा स्वेटर अंगात, चालत चालत थेट रंगमंचावर आला आणि दार लावलं.

वारा थांबला. मोजे थांबले. लायनेल वळला, आणि आपण कुठे आहोत हे त्याला तेव्हा कळलं. दिव्यांच्या या बाजूला तो, त्या बाजूला बाप, आणि मधे अख्खं स्कार्थविक श्वास रोखून. हर्बर्टने सावकाश टोपी डोक्यावर घातली. गिऱ्हाईक टक लावून बघायला लागलं की ते असंच करत असावेत.

पडदा ओढणाऱ्याला सांगितलेलं होतं, कुणीतरी शेवटचं वाक्य म्हणेल तेव्हा सोड. त्याच्या मते कुणीतरी म्हटलं होतं. त्याने सोडला.

असा टाळ्यांचा कडकडाट मी त्या धक्क्यावर ना आधी ऐकला, ना नंतर. लोकांना वाटलं, सगळं बसवलेलंच आहे. मागच्या रांगेतले म्हणत होते, काय डोकं चाललंय, बाप प्रेक्षकांत बसवलाय!

हर्बर्ट मात्र टोपी हातात घेऊन शरमेने मागे आले. "माफ करा, बाई," मला म्हणाले. "निघून गेलं तोंडातून. सवय." मग लायनेलकडे वळले. पिशवीतून इस्त्री केलेला पांढराशुभ्र एप्रन काढला. "तुझा आणलाय. सकाळची गाडी आहे. तुझं काम काही दिसलं नाही मला. कोपऱ्यात बसला होतास."

"बाबा, ते नाटक मीच..."

"कोपऱ्यातच बसला होतास."

एवढ्यात टल्कसाहेब धावत आले. त्यांनी हर्बर्टचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेनात. "आठवडाभर राहा! रोज तिसरी रांग! तेच वाक्य!"

"कुठलं वाक्य?"

"मीही म्हणू शकतो ते," एव्हरर्ड दुखावल्या आवाजात म्हणाले.

"नाही म्हणू शकत!" टल्कसाहेब घाम पुसत म्हणाले. "त्याला सेन्सॉरची परवानगी नाही. टिंबांना आहे. परवानगी नसलेलं वाक्य नटाने म्हटलं तर मी कोर्टात उभा. उद्या गावभर चर्चा होणार, लपायचंही नाही. पण प्रेक्षक ओरडला तर? प्रेक्षकाला परवानगी लागत नाही. तो खोकला, वारा, असल्या सदरात जातो."

"म्हणजे मी रोज इथे बसून ओरडू?" हर्बर्ट म्हणाले. "मी काय सोंगाड्या आहे?"

"छे छे! तुम्ही प्रेक्षकच. फक्त रोज."

हर्बर्टने खूप विचार केला. घेतलेलं काम आठवडा भरल्याशिवाय सोडायचं नाही हा त्यांचा दुकानातला नियम, तो मुलालाही लागू होता. "शनिवारपर्यंत," ते म्हणाले. "पोराचा आठवडा पुरा होऊ दे. दुकान बायको बघेल. रविवारी तो माझ्याबरोबर घरी येईल." आणि एप्रन घडी करून परत पिशवीत ठेवला.

मंगळवारी त्यांनी वाक्य म्हटलं ते अंग चोरून, खुर्चीत बुडून. तरी थिएटर हसलं. हसू कानावर पडलं आणि त्यांची मान जराशी वर आली. मी रंगमंचावरून ती मान पाहिली आणि मनात म्हटलं, गेला हा माणूस. अशा वर आलेल्या माना मी बऱ्याच पाहिल्या होत्या. माझीही एकदा तशीच वर आली होती.

एव्हरर्ड आणि हर्बर्ट दोघेही मिसेस गॉक्रॉजरच्या खाणावळीत उतरले होते. शेवटचं वाक्य एका खाटकाने पळवलं म्हणून एव्हरर्डने एक दिवस अबोला धरला. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातला गुरू जागा झाला. "हेब्डन, माझ्या राजा, तुमचा आवाज देवाने दिलाय, पण 'लायनेल'नंतर थांबा. लोकांना दाराची भूक लागू द्या. मग वाढा." बुधवारी हर्बर्ट थांबले. गुरुवारी इतके थांबले की टल्कसाहेबांनी पाणी मागवलं. शुक्रवारी ते खुर्चीतून उठले, अर्धे प्रेक्षकांकडे वळले आणि हात लांब करून म्हणाले.

"हातवारे जरा जास्त होतायत," टल्कसाहेब नंतर चाचरत म्हणाले.

"मागच्या रांगेने पैसे दिले नाहीत का?" हर्बर्ट म्हणाले. हे वाक्य एव्हरर्डचं होतं, मी ओळखलं.

पण गुरूने आणखीही एक गोष्ट शिकवली होती. शनिवारी सकाळी मी मिसेस गॉक्रॉजरकडे इस्त्री मागायला गेले, तर जेवणाच्या खोलीचं दार सताड उघडं, पडदे छताला लागलेले, आणि हर्बर्ट ओव्हरकोट, मफलर, टोपी घालून माशांचा नाश्ता करत बसलेले. समोर एव्हरर्ड, गळ्याभोवती टेबलक्लॉथ गुंडाळून.

"मिसेस गॉक्रॉजर," हर्बर्ट दात वाजवत म्हणाले, "ते जरा... ते तिकडचं... बघता का?"

"कुठलं तिकडचं? मीठ?"

"मीठ नाही. ते. ज्यातून आत येतात."

"दात दुखतोय का तुमचा? स्पष्ट बोला की."

"बोलता येत नाही, बाई," एव्हरर्ड गंभीरपणे म्हणाले. "शेवटचं वाक्य आहे ते. प्रयोगाबाहेर त्यातला शब्दसुद्धा उच्चारायचा नसतो."

"मग उठून लावा!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हे त्यांना सुचलं नव्हतं.

दार मीच लावलं. मिसेस गॉक्रॉजर पुटपुटत आत गेल्या आणि हर्बर्टने मला विचारलं, "बाई, तुम्ही शहाण्या दिसता. लायनेल नेमकं करतो काय?"

"दिग्दर्शन करतो."

"म्हणजे?"

"कुणी कुठे उभं राहायचं ते सांगतो."

"त्यांना कळत नाही?"

"नाटक लिहितो."

"लिहिलं, झालं. मग रोज संध्याकाळी?"

"प्रॉम्प्टिंग."

"तेच ते, कोपऱ्यात बसणं." त्यांनी मान हलवली. "उद्या घरी नेतो. त्याच्या आईला सांगितलंय, त्याची खोली झाडून ठेव."

पाच दिवस नाटकात रमूनही हा माणूस बधला नव्हता. लायनेलला मी हे सांगितलं तेव्हा तो गावातल्या दुकानांचं उसनं फर्निचर एकेक पुसायला लागला, परत द्यायला.

शनिवारी थिएटर खच्चून भरलं. गावातल्या ज्यांनी सोमवारी पाहिलं होतं ते पाहुण्यांना घेऊन पुन्हा आले होते. हर्बर्ट नवी टोपी घालून आले. एव्हरर्डच्या सल्ल्याने त्यांनी पोर्ट वाइनच्या गुळण्याही केल्या होत्या. दिवे मंदावले तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी शेजारणीला सांगत होतं, "तो बघ तो. कडेचा. बघत राहा त्याच्याकडे."

तिसऱ्या अंकापर्यंत अर्धं थिएटर आमच्याकडे बघतच नव्हतं. मुलाने बॅग उचलली, गेला. दार उघडं. वारा आला, सामानाचं दार आता मुद्दाम उघडं ठेवत होतो. पिशव्या उडाल्या, मोजे झुलले. एव्हरर्ड पुढे आले. आणि थिएटरातली झाडून सगळी डोकी तिसऱ्या रांगेकडे वळली.

हर्बर्ट उठले. थांबले. आम्हाला वाटलं, कालच्यासारखंच थांबतायत. पण ते थांबून राहिले. नव्या टोपीखालचा लाल चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. मला ती नजर ठाऊक आहे. समोर शब्द असतात, अगदी आपल्या घरचे, रोजचे, आणि कुणीतरी मधे काच लावलेली असते. दोनच शब्द! त्यांतला एक तर स्वतःच्या मुलाचं नाव! एव्हरर्डने ओठ हलवून दाखवायचा प्रयत्न केला, पण लगेच जीभ चावली. परवानगी नव्हती. वारा घोंघावत होता. कुणीतरी खुदकन हसलं. हर्बर्टने टोपी काढली, ती हातातून खाली पडली. त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं, आठवड्यात पहिल्यांदाच, बुडणारा माणूस किनाऱ्याकडे पाहतो तसं.

आणि कोपऱ्यातून आवाज आला. आवाज कसला, श्वासाला शब्द लावावेत तसं काहीतरी. सरळ जाणारं, बारीक, फक्त एका माणसासाठी. मी एवढी जवळ उभी होते, मलाही जेमतेम ऐकू आलं. आयुष्यभर मी प्रॉम्प्टर पाहिले. नटाला देणारे सगळेच असतात. दिव्यांच्या रांगेवरून, दोन रांगा ओलांडून प्रेक्षकाला वाक्य देणारा मी एकच पाहिला.

"लायनेल, दार," हर्बर्ट म्हणाले. ना हातवारे, ना थांबणं. घरात म्हणतात तसं.

लायनेल आला, त्याने दार लावलं. पडदा पडला. लोक उभे राहिले. बाहेर कुणालाही काही कळलं नव्हतं. सगळे म्हणत होते, आज बाप काय थांबला!

हर्बर्ट मागे आले ते घामाने भिजलेले. एका स्टुलावर बसले. लायनेल कोपऱ्यात पसरलेले कागद गोळा करत होता.

"मला काही आठवेना," हर्बर्ट म्हणाले.

"होतं असं, बाबा."

"यांनाही?"

"सगळ्यांना," लायनेल म्हणाला. एव्हरर्ड छताकडे बघायला लागले.

"मग तू देतोस."

"हो."

"आणि लोकांना कळता कामा नये."

"नाही कळलं पाहिजे."

"रोज कुणाची बोबडी वळेल ते आधी माहीत असतं?"

"नाही. म्हणून बसून राहायचं."

हर्बर्टने बराच वेळ तो कोपरा न्याहाळला. तिथे एक मोडकी खुर्ची होती, एक निळा दिवा होता, आणि शिळा चहा. दुकान विकत घ्यायला आलेला माणूस बघतो तसं त्यांनी सगळं पाहिलं. मग पिशवी उघडली, एप्रन काढला आणि एव्हरर्डच्या मांडीवर ठेवला.

"हा ठेवा तुम्ही. तुमच्या अंगावरचा बायकी आहे. सोमवारपासून बघतोय."

एव्हरर्डने एप्रन छातीशी धरला. राजाने शाल दिली असती तरी त्यांनी ती इतक्या अदबीने घेतली नसती. लायनेल जागच्या जागी उभा होता. कागद हातातून निसटत होते, त्याचंही त्याला भान नव्हतं.

"आईला काय सांगाल?" त्याने विचारलं.

"सांगेन की तू कामावर आहेस." हर्बर्ट उठले, टोपी घातली. "तीही म्हणतेच आहे, मी नसताना गिऱ्हाईक जास्त येतं. खोली झाडलीच आहे, नाताळात ये." माझ्यापाशी थांबले. "बाई, जेवतो का हा वेळेवर?" मी हो म्हटलं, खोटंच. ते मागच्या जिन्याने उतरून धक्क्यावर गेले.

जाताना दार सताड उघडं टाकून गेले. वारा आत आला, कागद उडाले, माझा टोप डोळ्यांवर आला.

लायनेलने तोंडाभोवती हात धरले आणि सगळा धक्का दणाणेल असा ओरडला, "बाबा, दार!"

पावलं थांबली. परत आली. एक जाड हात आत आला, त्याने मूठ धरून दार ओढून घट्ट लावलं, आणि पावलं निघून गेली.

एव्हरर्डने नवा एप्रन बांधता बांधता मान वर केली.

"हे वाक्य," ते दुखावल्या आवाजात म्हणाले, "मला चाललं असतं."